मालवणात हार्डवेअरचं दुकान आहे, सरकारी कामांना मालही पुरवतो. आमदारकीला उभं राहता येईल का?

दुकान आड येणार नाही, सरकारी पुरवठा येऊ शकतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ म्हणतं, की राज्य सरकारशी माल पुरवण्याचं किंवा बांधकामाचं कंत्राट चालू असेल तर उमेदवार अपात्र. तुमच्या बाजूचं काम पूर्ण झालं आणि फक्त बिल थकलं असेल (थकतंच म्हणा!), तर ते कंत्राट चालू धरत नाहीत. म्हणून अर्ज भरण्याआधी काम पुरं केल्याचा कागद हातात घ्या.

बाकी अटी सोप्या: वय २५, राज्यात कुठेही मतदार यादीत नाव, अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना ५,०००). अपक्षाला १० सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) लागतात.

व्यापारी माणूस घसरतो तो हिशेबात. निवडणुकीचं बँक खातं वेगळं हवं. गल्ल्यातले पैसे परस्पर रिक्षावाल्याला, मंडपवाल्याला देऊ नका. खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा. अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या शपथपत्रात दुकानावरचं कर्ज, जीएसटीची थकबाकी, पत्नीचं उत्पन्न, सगळं येतं. रकाना रिकामा सोडलात आणि नोटीस येऊनही भरला नाहीत, तर अर्ज बाद होऊ शकतो.

मालवण तालुका आता कुडाळ मतदारसंघात मोडतो, तेव्हा नुसती बाजारपेठेतली ओळख पुरणार नाही. आधी नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद लढवा. नारायण राणेही १९८५ ला मुंबईत नगरसेवक झाले, मग १९९० ला मालवणातून आमदार.