मूळव्याध समजून काढलेल्या गाठीत मेलानोमा (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग) निघाला, पुढे काय?

आधी त्याच स्लाइड आणि ब्लॉक (लॅबमध्ये जपलेले गाठीचे नमुने) दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. गुदद्वार-गुदाशयाचा मेलानोमा फार दुर्मिळ, आणि लक्षणं हुबेहूब मूळव्याधीची: रक्त पडणं, गाठ हाताला लागणं. त्यातही काही गाठींना काळा रंगच नसतो. साध्या कोंबासारख्या गुलाबी दिसतात. म्हणून एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए, सॉक्स-१० हे मार्कर (मेलानोमाच्या पेशी ओळखणारे रंग-चाचण्या) लावूनच निदान पक्कं करतात. उन्हाशी याचा संबंध नाही.

मग ओटीपोटाचा एमआरआय, पेट-सीटी (कर्करोग शरीरात कुठे पसरलाय ते दाखवणारं स्कॅन) आणि मेंदूचा एमआरआय. गाठीची जनुकीय तपासणीही आत्ताच मागा: केआयटी या जनुकात बदल सापडला तर इमॅटिनिबसारखी गोळी उपयोगी पडू शकते.

ऑपरेशनबद्दल स्पष्ट सांगतो. गुदद्वार काढून पोटावर शौचाची कायमची पिशवी लावल्याने आयुष्य वाढतं असं आढळलेलं नाही. गाठ कडेच्या निरोगी भागासह पूर्ण निघत असेल तर तेवढंच करावं, असं माझं ठाम मत. पसरला असेल तर निवोलुमॅब-इपिलिमुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधं). त्वचेच्या मेलानोमाइतकी ती इथे चालत नाही, पण काहींना चांगला गुण येतो. ती चालू असताना सतत जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना कळवा, अंगावर काढू नका.