शरीरातील चरबी अचूक मोजण्यासाठी कोणती पद्धत निवडावी?

घरच्या डिजिटल काट्यावर चरबी आज 24 टक्के आणि उद्या 27 टक्के दिसते, मग खरे काय मानावे, असे आपण विचारले आहे. दोन दिवसांत चरबी इतकी बदलत नाही. बदलते ते शरीरातील पाणी. हा काटा तळपायांतून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडतो आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा केवळ अंदाज बांधतो, त्यामुळे जेवण, व्यायाम किंवा घाम यांनीही आकडा हलतो.

एकदाच, पण भरवशाचे मोजमाप हवे असेल तर मी डेक्सा स्कॅन सुचवेन. त्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी हाडे, चरबी आणि इतर ऊती वेगळ्या ओळखता येतात. मात्र गरोदरपणात तो टाळावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) सारखाच, 22.3 होता, पण डेक्सात युडकिन यांची चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले हे उदाहरण आपण भारतीयांनी फार गांभीर्याने घ्यायला हवे.

दरमहा पाहण्यासाठी साधी मोजपट्टी पुरते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. भारतीय पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास डॉक्टरांना अवश्य भेटावे. काटा वापरायचाच असेल, तर सकाळी अनशापोटी, लघवीला जाऊन आल्यावर, नेहमी तोच वापरावा.