नवोदित लेखकाला जळगाव-धुळ्याकडे मार्गदर्शन आणि मदत कुठे मिळते? त्यासाठी पुण्याला जावंच लागतं का?

तुम्ही यावलकडचे, कथा लिहिता, कुणी म्हणालं पुण्याला लेखनाचा क्लास लाव, नाहीतर पैसे भरून पुस्तक काढ. म्हणून विचारताय. त्यातलं पैसे भरण्याचं प्रकरण आमच्या घरात होऊन गेलंय, त्यामुळे आधी तेच सांगतो.

माझे दाजी जिनिंगमध्ये नोकरीला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. लिहिल्या झकास. सरकीच्या धुळीनं बसलेले आवाज, गठाणी मोजताना चालणारी लबाडी, आणि एका उन्हाळ्यात कापसाच्या गंजीला लागलेली आग. आगीचं प्रकरण मी वहीत वाचलं होतं. कापूस आतल्या आत जळत राहतो, वरून विझला असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडून धूर निघतो, हे त्यांनी असं लिहिलं होतं की वही खाली ठेववत नव्हती.

मी म्हणालो, हे एवढं प्रकरण दिवाळी अंकाला पाठवा. दाजी म्हणाले, अंक रद्दीत जातो, पुस्तक राहतं. एका प्रकाशकानं 40 हजार घेतले आणि 300 प्रती पाठवल्या. मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. शाल, श्रीफळ, वरण-बट्टी. प्रमुख पाहुणे बराच वेळ बोलले, सगळं स्वतःच्या पुस्तकांबद्दल. मग दाजींनी गावोगाव प्रती वाटल्या, आणि जो भेटेल तो म्हणे, ‘वाचलं, फार छान!’

वर्ष उलटल्यावर तालुक्याच्या वाचनालयातले शिपाई काका पुस्तक घेऊन घरी आले. ‘दाजी, हाई काय शे?’ पान 64 उलटलं की पुढे परत 49. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी बांधतात, त्याला फॉर्मा म्हणतात. बाइंडिंगवाल्यानं चौथा फॉर्मा दोनदा लावला होता आणि पाचवा गायब. म्हणजे 65 ते 80 ही पानं पुस्तकात नाहीतच. घरातल्या उरलेल्या प्रती काढून पाहिल्या, सगळ्यांत तेच. आणि त्या सोळा पानांत कोणतं प्रकरण होतं? आगीचं. प्रकाशकाला फोन केला तर म्हणतो, प्रूफं तुम्हीच तपासली होती. अरे, प्रूफात बाइंडिंग दिसतं का?

आता तुमचा प्रश्न. मदत म्हणजे पान 64 नंतर काय येतं हे पाहणारा माणूस. तो आधी गाठा. जळगावचं व. वा. वाचनालय आहे, तुमच्या तालुक्याचं वाचनालय आहे. तिथे कोण नेमानं पुस्तकं बदलून नेतं ते बघा आणि त्याला एक कथा द्या. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. लिहिलेलं पोरं तिथल्या तिथे वाचायची. असा वाचक शंभर शाली देऊन मिळत नाही.

‘बहिणाबाईंना कुठे मार्गदर्शन होतं?’ हे आमच्याकडे सभेत कुणीतरी म्हणतंच. अहो, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्यांची गाणी उतरवून घेणारा मुलगा घरात होता. त्या 1951 साली गेल्या, सोपानदेवांनी ती गाणी अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली पुस्तक आलं. एवढा आधार होता म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

पैशाचं म्हणाल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिल्या पुस्तकासाठीच असते. जाहिरात पेपरात आणि मंडळाच्या संकेतस्थळावर येते, हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर छपाईला अनुदान. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे कुणी मागितले तर उठून या, आपल्याकडे तो नंबर सरकारी संस्था फुकट देते. टाइप युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाला श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये करून देईल आणि पुढे ती फाइल ईमेलनं पाठवली की समोरच्याला अगम्य अक्षरं दिसतील. शब्द अडला तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश नेटवर फुकट आहे. दिवाळी अंकांना गणपतीनंतर पाठवून उपयोग नाही, उन्हाळ्यातच पाठवा.

संमेलनं? 2024 ला अमळनेरलाच झालं. पुस्तकं घ्यायला जा. तिथे तुमची कथा वाचायला कुणाला सवड नसते.

दाजी अजून म्हणतात, ‘माझं पुस्तक तरी आहे, तुझं काय?’ माझ्या काही कथा अंकांत आल्या आहेत, एका संपादकांनी दोन पानी पत्र लिहून शेवट बदलायला लावला. ते पत्र मी दाजींना दाखवलं, तर म्हणाले, म्हणजे तुला नीट लिहिता येत नाही. आता बोला!

पैसे घेणारे सगळेच लबाड असतात असं नाही. स्वखर्चानं काढलेली चांगली पुस्तकंही आहेत, फक्त करारात फॉर्म्याची चूक कुणाच्या खर्चानं दुरुस्त होणार ते लिहून घ्या आणि पहिली बांधलेली प्रत पानन् पान उलटून पाहिल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका. पुण्याच्या क्लासचं मला सांगता येणार नाही, मी कधी गेलो नाही. आगीचं प्रकरण मात्र मी दाजींच्या वहीवरून टाइप करून ठेवलंय. त्यांनी हो म्हटलं की यंदा पाठवतो, त्यांच्याच नावानं.