पुण्याची नोकरी की खानापूरचे घर: देवाची इच्छा कशी ओळखावी?
खानापुरात आईवडिलांजवळ राहावे की पुण्यातील नोकरी स्वीकारावी, यांत देवाची इच्छा कोणती, असे आपण विचारले आहे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, गावाचे नाव सांगत नाही. मात्र त्यातील थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपले पवित्रीकरण, म्हणजे पवित्र जीवन जगणे, आणि पाचव्यात सर्व स्थितीत उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणे, ही देवाची इच्छा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, म्हणून जे उघड सांगितले आहे ते पाळण्यापासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. रोमकरांस पत्र 12:2 मध्येही मनाचे नवीकरण आधी येते, इच्छा ओळखणे नंतर. बायबल कोठेही उघडून कौल मागू नये. प्रार्थना करा, मंडळीतील (चर्चमधील) वडीलधाऱ्यांशी बोला, आणि आपण गेल्यास आईवडिलांकडे कोण पाहील हे आधी ठरवा, कारण त्यांचा मान राखणे ही दहा आज्ञांपैकी एक आहे.