नाताळची पहिलीच खरेदी आहे? आधी माणसांची यादी करा

वस्तूंची यादी नंतर. दुकानात शिरून 'कुणाला काय शोभेल' असं बघत फिरलात, की खिसा रिकामा झालाच म्हणून समजा. प्रत्येक नावापुढे रक्कम लिहा, तीही डिसेंबर उजाडण्याआधी.

सवलतींच्या पाट्यांनी भुलू नका. हंगाम लांबवण्याची युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत नाताळची खरेदी थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतर सुरू व्हायची; १९३९ साली तिथले अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चक्क तो सणच आठवडाभर अलीकडे ओढला, का तर दुकानांना नाताळच्या विक्रीसाठी जास्त दिवस मिळावेत!

अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, मिळालेल्या भेटीसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते? १९९३ मध्ये त्यांनी मांडलेला हिशेब असा, की भेटींच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो. मित्रांच्या भेटींत कमी, काका-मावशी आणि आजी-आजोबांच्या भेटींत जास्त. तेव्हा ज्याची आवड ठाऊक नाही, त्याला शोभेची वस्तू देऊ नका. वापरून संपेल असं काही द्या, नाहीतर सरळ पैशांचं पाकीट. (रुक्ष वाटतं, मान्य. पण धूळ खात पडत नाही.)

गोतावळा मोठा असेल तर चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची. मुलांना यातून वगळा. कमाल रक्कम आधीच ठरवा, नाहीतर एक जण महागडं घड्याळ आणतो, दुसरा मोजे, आणि जेवणभर तोंडं वाकडी.

बिल जपून ठेवा. किमतीचं लेबल मात्र नखाने खरवडू नका; हेअर ड्रायरची गरम हवा दिली की बहुतेक वेळा अख्खं निघतं.