वाचक विचारतात: निर्बंध घालूनही इथिओपिया का वाचला नाही?

प्रश्न: १९३५ मधे इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, देशांची तेव्हाची जागतिक संघटना) आर्थिक निर्बंध घातले होते ना, मग ते फेल का गेले? सैन्य पाठवायला हवं होतं का?

उत्तर: निर्बंध होते, पण खरी नस धरलीच नाही. १८ नोव्हेंबर १९३५ पासून शस्त्रं, कर्ज, इटलीचा माल, रबर, टिन हे सगळं बंद केलं, आणि ज्यावर इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीचे ट्रक न विमानं चालत होती ते पेट्रोल मात्र चालूच! अमेरिका संघात नव्हती, ती तेल विकेल मग आपण बंद करून काय उपयोग असं संघातले देश म्हणत बसले, शिवाय तेल तोडलं तर मुसोलिनी युद्धच पुकारेल ही भीती होतीच. सुएझ कालवा ब्रिटिशांच्या पहाऱ्यात होता, तोही उघडा, इटलीची जहाजं टोल भरून सैनिक घेऊन जात राहिली. माझ्या मते सैन्य पाठवायचीसुद्धा गरज नव्हती, तेल आणि कालवा एवढं केलं असतं तरी खूप फरक पडला असता. पण ब्रिटन-फ्रान्सला हिटलरविरुद्ध इटली हवी होती, डिसेंबरात तर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल यांनी इथिओपियाचे लचके तोडून इटलीला द्यायचा प्लॅन केला. तिकडे लोकांवर विषारी वायू टाकला जात होता. ५ मे १९३६ ला इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा पडली, आणि जुलैत निर्बंधही उठवले.