आधी त्याला विचारलंस का?

पोरी,

तुझं पत्र मिळालं. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाच्या कविता लोकांना ऐकवाव्यात की नाही, हा वाद आपल्या दोघांत नाही, तेव्हा त्यात शिरत नाही. तू त्या वाचणार आहेस त्या कार्यक्रमाचे आयोजक म्हणतात शुद्धलेखन नीट कर, लांबलेली दोन कडवी गाळ, फाशीचा उल्लेख निवेदनात सुरुवातीलाच घे म्हणजे सभागृह चिडीचूप होईल. आणि तू मला विचारतेस, काय करू? मला कशाला विचारतेस? त्याला विचारलंस का?

तू पाठवलेली मूळ पानाची प्रत भिंग लावून पाहिली. टपाल तपासल्याचा तुरुंगाचा शिक्का नेमका चौथ्या ओळीवर बसलाय आणि खालचा शब्द लागत नाही. टाइप केलेल्या प्रतीत तो तू अंदाजाने भरलास. समाससुद्धा अक्षरांनी भरलाय, म्हणजे कागद मोजूनमापून मिळत असणार. मग ओळ त्याने तोडली की कागदाची कड आली म्हणून तुटली? हे तुला माहीत नाही, मलाही नाही. प्रत देखणी झालीय, पण त्याची राहिलीय का?

आवाजाचं तर आणखी अवघड. अमेरिकेतल्या तुरुंगांतून फोनवर म्हटलेल्या कविता ऐक. मध्येच यंत्राचा आवाज घुसतो, हा फोन तुरुंगातून आलाय म्हणून बजावतो, आणि ठरलेली मिनिटं भरली की फोन बंद. तो आवाज कापायचा की ठेवायचा? मला अशाच एका कैद्याने कळवलं होतं, ठेवा, मी त्याच्यासाठी जागा सोडूनच म्हणतो. विचारलं नसतं तर मी तो सरळ उडवला असता. लोक छापील ओळीपेक्षा आवाजाला जास्त घाबरतात, हेही ध्यानात ठेव. १९९४ साली तिथल्या नॅशनल पब्लिक रेडिओने मुमिया अबू-जमाल या फाशीच्या कैद्याची ध्वनिमुद्रित भाष्यं पोलिस संघटनेच्या आणि राजकारण्यांच्या विरोधानंतर प्रसारणाआधीच रद्द केली. तेव्हा कविता त्याच्या आवाजात जाणार की तू म्हणणार, हेही त्यालाच विचार. तू म्हणणार असशील तर तो रडवेला सूर आधी सोड. त्याने तो लिहिलेला नाही.

‘संमती गृहीत आहे, त्यानेच तर पाठवल्या,’ असं तू लिहितेस. तुला पाठवल्या, पोरी. तीनशे लोकांना नाही.

आणि त्याच्या वकिलालाही विचार. २०१९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. लहान मुलाचं अपहरण करून खून केल्याचा गुन्हा होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा, पुढची अठरा वर्षं तुरुंगात. त्याच्यात बदल झालाय असं न्यायालयाने ज्यांवरून मानलं, त्यांत तुरुंगात लिहिलेल्या कविताही होत्या. म्हणजे या ओळी कोर्टापर्यंत पोचतात. अपील किंवा दयेचा अर्ज पडून असताना ‘त्या रात्री मी’ असं सुरू होणारं कडवं तू मंचावरून म्हणालीस, तर ते कोण कशासाठी वापरेल? आणि हो, त्या मुलालाही आई होती. कविता ऐकवून माणूस चांगला ठरवायला निघू नकोस, ते आपलं काम नव्हे.

माझ्या कपाटात अशा कविता आहेत, ज्यांच्याबद्दल विचारलेल्या पत्राला उत्तर आलंच नाही. मी त्या कुठेही वाचल्या नाहीत. जवळची माणसं म्हणाली, तुझ्या हट्टापायी ती मुकी राहिली. काहींनी बोलणं तोडलं. रात्री कधीकधी मलाही ते टोचतं, नाही असं नाही. पण त्या माणसाने काय खायचं, कधी उठायचं, कोणाला भेटायचं हे दुसरे ठरवतात, मरायचं कधी तेही. ओळ कुठे संपवायची एवढंच त्याच्या हातात उरलंय. तेही आपण, त्याच्या बाजूची म्हणवणाऱ्यांनी, काढून घ्यायचं? मी नाही घेणार. हेकट म्हण.

‘पत्राला फार वेळ लागतो,’ म्हणतेस. लागतो, म्हणूनच आज लिही. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिलं. चौदा दिवसांत तुझं पत्र तपासणीतून आत जाऊन उत्तर परत येईल? जपानात तर कैद्याला त्याच दिवशी सकाळी सांगतात. तेव्हा ‘तुमच्या पश्चात या कवितांचं काय करू?’ हाही प्रश्न आत्ताच घाल. लिहिताना हात अडखळेल. त्याला या प्रश्नाचा धक्का बसेल असं मला वाटत नाही.

चौथ्या ओळीतला शब्द विचार. कडवी गाळू का, विचार. नाव द्यायचं का, गुन्हा सांगायचा का, पैसे जमले तर कुठे द्यायचे, सगळं विचार. उत्तर येईपर्यंत कार्यक्रम पुढे ढकल. आयोजक आरडाओरडा करतील. माझं नाव सांग, मला त्याची सवय आहे.